अफवा आणि गोष्ट : अनिश्चिततेच्या काळातील लोकशिक्षण

(शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

भिवंडी शहर डोळ्यांपेक्षा कानांनी आधी ओळखू येते. यंत्रमागांचा खडखडाट हा या शहराचा श्वासोच्छ्वास होय. येथील मुले त्या आवाजात झोपी जातात आणि आवाज थांबला म्हणजे जागी होतात. माग थांबण्याची कारणे अनेक असतात. वीज जाते, सूत महागते, बीम वेळेवर येत नाही, तयार कापडाला उठाव नसल्याने शेठ एक पाळी बंद ठेवतो. परंतु १९७० आणि १९८४ या दोन वर्षांच्या मे महिन्यात येथील माग थांबले, ते यांपैकी कोणत्याही कारणाने नव्हे. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांच्या घरी आवाज अवेळी थांबला की पहिला प्रश्न निघतो, तो ‘काय झाले?’ हा. या प्रश्नाचे पहिले उत्तर बहुधा माहितीच्या रूपात येत नाही. ते गोष्टीच्या रूपात येते. कोणी काय केले, कोणाला केले आणि आता पुढे काय होणार, असा सगळा मजकूर त्या गोष्टीत एकदम तयार असतो.

शासकीय कामकाजात वावरणाऱ्या माणसास अशा गोष्टींचा स्वाभाविकच तिटकारा असतो. लोक अडाणी आहेत म्हणून अफवांवर विश्वास ठेवतात, असे म्हणून अनेकदा विषय संपविला जातो. हे मत सोयीचे असले तरी बरोबर नाही. तमोत्सु शिबुतानी या समाजशास्त्रज्ञाने १९६६ साली अफवांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने असे प्रतिपादन केले, की अफवा म्हणजे माणसांनी मिळून केलेला विचारच होय. अधिकृत बातमी मिळत नाही, निर्णय तर आजच घ्यावयाचा असतो, तेव्हा माणसे हाताशी असतील ते तुकडे जोडून स्वतःची बातमी तयार करतात. त्याच्याही आधी, १९४७ मध्ये, ऑलपोर्ट व पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी असे दाखविले होते, की विषय जितका जिव्हाळ्याचा आणि माहिती जितकी संदिग्ध, तितकी अफवा बळावते. या दोहोंपैकी एक जरी शून्य झाली तरी अफवेचा जोर ओसरतो. विषयाचा जिव्हाळा शून्य करणे कोणाच्या हाती नसते. संदिग्धता कमी करणे मात्र काही अंशी तलाठ्याच्या, शिक्षकाच्या आणि सरपंचाच्या हाती असते.

भयाला कारण हवे असते

या विषयाचा एक महत्त्वाचा धागा आपल्याच देशातून जगाकडे गेला आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. त्यानंतर जमुना प्रसाद या अभ्यासकाने लोकांच्या तोंडी असलेल्या अफवा गोळा केल्या. ज्या भागात धक्के जाणवले परंतु घरे पडली नाहीत, माणसे दगावली नाहीत, तेथेच अधिक भयंकर भाकिते फिरत होती. आणखी मोठा भूकंप होणार, पूर येणार, वादळ होणार, अमुक दिवशी प्रलय होणार, अशा त्या गोष्टी होत्या. लेऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला याचे कोडे पडले. माणसे स्वतःच स्वतःला अधिक का घाबरवीत होती? १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने त्याचे उत्तर असे दिले, की भय आधीच मनात शिरले होते, पण डोळ्यांना दिसेल असे त्याचे कारण सभोवती नव्हते. भय आहे आणि कारण नाही ही अवस्था मनाला असह्य होते, म्हणून मन कारण निर्माण करते. दार्जिलिंगच्या दरडींत प्रत्यक्ष विध्वंस भोगलेल्या लोकांचा अभ्यास दुर्गानंद सिन्हा यांनी केला होता. तेथे अशा अफवा आढळल्या नाहीत. त्या लोकांच्या भयाचे कारण त्यांच्या समोरच पडलेले होते.

दूरच्या शहरात काही घडते आणि आपल्या गावात काहीच घडलेले नसते, अशा वेळी कोणत्या वस्तीवर अधिक लक्ष ठेवावे, हे या निष्कर्षावरून ठरविता येईल. जेथे नुकसान झालेले नाही पण छाती धडधडत आहे, तेथे गोष्टी तयार होत असतात.

मराठीत या कारखान्याचा कच्चा माल म्हणून एक छोटासा शब्द आहे. तो शब्द ‘म्हणे’. दुधात काहीतरी मिसळले आहे म्हणे. त्यांची माणसे रात्री येणार आहेत म्हणे. हा शब्द बोलणाऱ्याला जबाबदारीतून मोकळे करतो आणि ऐकणाऱ्याला मात्र बांधून टाकतो. कोण म्हणाले, केव्हा म्हणाले, त्याने स्वतः पाहिले काय, हे सर्व प्रश्न त्या दोन अक्षरांत गिळले जातात. उलट ‘आटपाट नगर होते’ असे म्हणून आजी जी कहाणी सुरू करते, ती आपण कहाणी आहोत हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते. ऐकणारा सावध होतो आणि तरीही रमतो.

तीन मासे

अनिश्चित काळात कसे वागावे हे शिकविणारी एक गोष्ट पंचतंत्रात आहे. ती बहुतेकांनी शाळेत ऐकलेली असते आणि म्हणूनच विसरलेली असते. एका तळ्यात तीन मासे राहत होते. अनागतविधाता, प्रत्युत्पन्नमती आणि यद्भविष्य ही त्यांची नावे. तळ्यावरून जाणारे कोळी, येथे मासे पुष्कळ आहेत, उद्या येऊ, असे बोलून गेले. अनागतविधात्याने त्याच वेळी दुसऱ्या जलाशयाची वाट धरली. प्रत्युत्पन्नमती प्रसंग आल्यावर युक्तीने सुटला. अनेक पाठांत त्याने मेल्याचे सोंग घेतले असे सांगितले आहे. यद्भविष्य, जे व्हायचे ते होईल म्हणत राहिला आणि जाळ्यात सापडून मेला.

या गोष्टीत माशांना कोळ्यांचे बोलणे कळले होते, पण कोळी खरोखरच येतील याची खात्री नव्हती. म्हणजे त्यांच्याजवळ होती तीही एक अफवाच. गोष्टीचे सामर्थ्य असे, की ती त्या एकाच वार्तेला तीन वागणुका आणि तीन शेवट देते. ऐकणारे मूल आपोआप विचारू लागते, ‘मी यांतला कोण?’ आणि थोडे मोठे झाले की त्याहून बरा प्रश्न विचारते : ‘कोळी आलेच नसते तर अनागतविधात्याचे काय झाले असते?’ अफवेत हे घडत नाही. अफवेला एकच शेवट असतो, तो जवळ आलेला असतो, आणि त्यापूर्वी काहीतरी करून टाकण्याची घाई असते.

आणखी एक बाब भिवंडीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पंचतंत्र सहाव्या शतकात इराणच्या राजदरबारी गेले. बुर्झोई नावाच्या वैद्याने त्याचे पहलवी भाषांतर केले, आणि आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने ते अरबीत आणले. करटक व दमनक हे दोन कोल्हे तेथे कलीला व दिम्ना झाले. तीन माशांची गोष्ट त्या ग्रंथात आहे आणि पुढे तेराव्या शतकात रूमीच्या मसनवीतही आहे. भिवंडीत उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन-अन्सारी विणकर आहेत, तेलंगणातून आलेले पद्मशाली आहेत, कोकणी मुसलमान आहेत, आगरी-कोळी आहेत. या सर्वांच्या पूर्वजांनी कोणत्या ना कोणत्या भाषेत हे तीन मासे पाहिले असणे अशक्य नाही. उर्दू शाळेतील व मराठी शाळेतील शिक्षकांनी एकाच आठवड्यात ही गोष्ट सांगितली, तर दोन्हीकडची मुले खेळाच्या मैदानावर तिच्याविषयी भांडू शकतील. असले भांडण स्वागतार्ह होय.

गोष्ट प्राण वाचविते हे शब्दशः घडल्याचे उदाहरण इंडोनेशियातील सिमेउलुए बेटावरचे आहे. १९०७ साली तेथे त्सुनामी आली व पुष्कळ माणसे बुडाली. वाचलेल्यांनी ती हकीकत नातवंडांना सांगितली. जमीन जोराने हादरली आणि त्यानंतर समुद्र मागे हटला, तर ‘स्मोंग’ येणार, टेकडीकडे पळा. ही गोष्ट अंगाईत आणि गप्पांत तीन-चार पिढ्या चालत राहिली. २६ डिसेंबर २००४ रोजी भूकंप झाला, तो या बेटाच्या जवळच. बेटावर सुमारे ७८,००० लोक राहत होते. त्यांतील अवघी सात माणसे दगावली. सुमात्राच्या मुख्य किनाऱ्यावर अशी गोष्ट जिवंत नव्हती. तेथील प्राणहानी सर्वांना ठाऊक आहे.

भिवंडीतील मोहल्ला समित्या

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत दंगल उसळली आणि तिचे लोण जळगाव व महाडपर्यंत गेले. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमण्यात आला. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा भिवंडी पेटली, व ठाणे आणि मुंबईही होरपळली. अशा पूर्वेतिहासाच्या शहरात १९८८ साली सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यापूर्वीही शांतता समित्या होत्या. पण त्यात पुढारी व प्रतिष्ठित मंडळी असत आणि दंगल पेटल्यावर त्यांना बोलावले जाई. खोपडे यांनी हा क्रम उलटा केला. मोहल्ल्यामोहल्ल्यातून सामान्य माणसे निवडण्यात आली, हिंदू व मुसलमान समसमान घेण्यात आले, गुन्हेगारी प्रवृत्तीच्या मंडळींना वगळण्यात आले आणि बैठकांची जबाबदारी त्या त्या भागाचा बंदोबस्त पाहणाऱ्या कनिष्ठ पोलीस कर्मचाऱ्यांवर सोपविण्यात आली. अशा सुमारे सत्तर समित्या उभ्या राहिल्या. काहीही घडलेले नसताना त्या भरत असत, ही त्यांतील खरी नवलाई होती.

त्या बैठकांत बोलले जाई ते गटारांविषयी, पाण्याविषयी, शेजाऱ्यांच्या तंट्यांविषयी. हे पाहून कोणासही वाटेल, की याचा दंगलीशी काय संबंध? संबंध असा, की गटाराची तक्रार सांगताना माणूस आपली गोष्ट सांगतो. त्याला किती मुले आहेत, तो कोणाच्या कारखान्यात काम करतो, रात्रपाळीहून किती वाजता परततो, हे समोरच्या माणसाला कळते. चार वर्षे अशा गोष्टी ऐकल्यानंतर ‘ते लोक’ हा शब्द उच्चारणे कठीण होते, कारण त्या शब्दामागे आता नावे उभी असतात. अफवेला सर्वनामे लागतात. नावे तिला मानवत नाहीत.

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडण्यात आली. मुंबईत त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत जे घडले ते सर्वश्रुत आहे. जानेवारी १९९३ मध्ये समुद्रमार्गे हल्ला येणार या अफवेने मुंबईचे सुशिक्षित नागरिक रात्री किनाऱ्यावर पहारे देत होते. यावरून शिक्षण हे अफवेवरचे औषध नव्हे, एवढे तरी दिसून येते. मुंबईपासून जवळच असलेल्या भिवंडीत, जेथे दंगल होणार असे सर्वांनी गृहीत धरले होते, तेथे दंगल झाली नाही. खोपडे यांची तोपर्यंत बदली झाली होती, पण समित्यांची सवय राहिली होती. आशुतोष वार्ष्णेय यांच्यासारख्या अभ्यासकांनी या शहराच्या शांततेची दखल घेतली आहे, आणि ती केवळ योगायोगाने टिकली असे कोणी म्हटलेले नाही. एखादी वार्ता आली की ती विचारण्यासाठी दोन्ही बाजूंना ओळखीचा माणूस होता. पलीकडच्या गल्लीत काय चालले आहे हे पलीकडच्या गल्लीतील माणसालाच विचारता येत होते.

सर्व श्रेय बैठकांतील गप्पांना देणे भाबडेपणाचे होईल. पोलिसांचा वचक होता. मागाचा धंदाही असा, की सूत एकाचे, माग दुसऱ्याचा, कामगार तिसरा आणि कापड विकणारा चौथा. आठ दिवस शहर बंद राहिले तर चौघांचेही पोट बंद होते. तरीही हे सर्व हितसंबंध १९८४ मध्येही होतेच. त्या वेळी नव्हती, ती एकमेकांची हकीकत ऐकण्याची जागा. आणि अशी जागा एकदा निर्माण केली म्हणजे कायमची झाली, असेही नाही. ५ जुलै २००६ रोजी याच शहरात पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या वादातून हिंसाचार झाला, नागरिक आणि दोन पोलीस शिपाई मृत्युमुखी पडले. त्या वेळी वाद दोन समाजांत नव्हता. तो पोलीस आणि वस्ती यांच्यात होता. ज्या दोघांनी मिळून समित्या चालविल्या, त्यांच्यातच संवाद तुटला होता.

राईनपाड्याचा दिवस

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार होता. भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे उतरले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे संदेश व चित्रफिती मोबाइलवरून कित्येक दिवस फिरत होत्या. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारहाण केली आणि ठार केले. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे तालुक्याचे होते.

डवरी गोसावी हे पिढ्यानपिढ्या डवर वाजवीत, नाथांची व भैरवनाथाची आख्याने गात गावोगाव फिरणारे लोक. एके काळी अनोळखी माणूस वेशीवर आला की गाव त्याला विचारी : कोण, कुठला, कोणाचा? तो सांगे आणि गाव ऐके. राईनपाड्यात विचारण्याची गरजच कोणाला वाटली नाही, कारण उत्तर मोबाइलमध्ये आधीच येऊन पडले होते. जी खोली गाऱ्हाणी ऐकण्यासाठी बांधलेली होती, तिच्यात हे घडले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांची हत्या झाली, तीही चोर व मुले पळविणारे यांच्याविषयीच्या अफवांनी भेदरलेल्या मुलखात. पंचायत सदस्यांनी या दोन गावांची नावे लक्षात ठेवावीत. ही गावे वाईट म्हणून नव्हे. ती इतर गावांसारखीच होती म्हणून.

टाळेबंदीच्या त्याच काळात भिवंडीचे माग पुन्हा थांबले होते. या वेळी भांडण कोणाशीच नव्हते. ज्या खाणावळींना कामगार बिस्सी म्हणतात, त्यांच्या उधारीच्या वह्या भरत चालल्या होत्या. गाडी सुटणार म्हणे, या एका वाक्यावर १४ एप्रिल २०२० रोजी मुंबईत वांद्रे स्थानकापाशी हजारोंची गर्दी जमली. अधिकृत वेळापत्रक नव्हते, म्हणून ऐकीव गोष्ट हेच वेळापत्रक झाले. मे महिन्याच्या आरंभी भिवंडी रोडहून गोरखपूरची गाडी सुटली. तोपर्यंत अनेक कामगार नाशिकच्या रस्त्याने चालू लागले होते.

शाळेत आणि पंचायतीत

शाळेत यासाठी वेगळा तास नको, वेगळे पुस्तक नको. गोष्ट अर्ध्यावर थांबवावी आणि पुढे काय काय होऊ शकेल, असे वर्गास विचारावे. ‘काय होईल’ असे न विचारता ‘काय काय’ असे विचारणे, यातच सारे आहे. तीन शेवट निघेपर्यंत पुस्तकातला शेवट सांगू नये. वरच्या इयत्तांत मुलांना मोबाइलवर आलेला एखादा मजकूर घेऊन त्यातील ‘म्हणे’ शोधावयास सांगावे. हे कोणी पाहिले, त्याचे नाव काय, आणि हे खोटे ठरले तर आपण केलेले परत घेता येईल काय? या तीन प्रश्नांपैकी शेवटचा सर्वांत उपयोगी पडतो, कारण पहिल्या दोहोंची उत्तरे पुष्कळदा मिळत नाहीत.

गावातील वृद्धांना २६ जुलै २००५ च्या पुराचे पाणी कोणत्या ओट्यापर्यंत आले होते, कोणती वाट उघडी राहिली होती, हे आठवते. कामवारीच्या काठच्या गावांनी आणि वस्त्यांनी या हकीकती ग्रामसभेत, शाळेत सांगवून घ्याव्यात आणि पाण्याची खूण भिंतीवर रंगवावी. खुणेशेजारी उभे राहून गोष्ट सांगितली म्हणजे ती नातवंडांपर्यंत पोचते.

ग्रामपंचायतीच्या फलकावर संकटाच्या काळात तीन ओळी असाव्यात. आज काय ठाऊक आहे. काय अद्याप ठाऊक नाही. पुढील माहिती केव्हा मिळेल. अधिकारी दुसरी ओळ लिहिण्यास संकोचतात. ठाऊक नाही असे लिहिले तर लोक घाबरतील, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात ती ओळ कोरी राहिली तर दुसरे कोणी तरी ती भरते. तिसऱ्या ओळीत सायंकाळी पाच वाजता असे लिहिले असेल, आणि पाचपर्यंत नवे काहीच कळले नसेल, तरी पाच वाजता फलकाजवळ ग्रामसेवक किंवा सरपंच, कोणीतरी उभे असले पाहिजे.